पट्टीखालची अक्षरं

मोतूल, ४ मार्च

गास्पार,

तुझ्याशी एक शब्द बोलणार नाही, अशी चार वर्षांपूर्वी मी शपथ घेतली होती. ती मोडलेली नाही. लिहिणार नाही असं मी म्हटलं नव्हतं. हे पत्र रसेलकडे देते आहे. तो रोज कान्कूनची बस नेतो, तुझ्या हॉटेलच्या धुलाईखान्यापाशी उतरून देईल. उत्तराची गरज नाही. तू काय करून ठेवलं आहेस ते फक्त वाच.

आपल्या दुकानात सकाळी रोल टाकला की संध्याकाळी रंगीत फोटो हातात पडायचे. वीस गावांतून लोक यायचे. आणि तू ते मशीन भंगारवाल्याला वजनावर विकलंस! आता एकसष्टाव्या वर्षी मी एक रोल धुऊन मिळावा म्हणून उन्हातान्हात वणवण फिरते आहे.

मेरिदातलं ते मोठं दुकान, बाहेर थंड हवेचा झोत येतो ते. काउंटरवरची पोरगी च्युइंगम चघळत म्हणाली, "सेन्योरा, आम्ही इथे धुवत नाही. राजधानीला पाठवतो. तीन आठवडे." मी एक साधा रोल चाचणीसाठी दिला, शाळेतल्या पोरांच्या चर्चमधल्या पहिल्या कम्युनियनचा. तीनाचे पाच आठवडे झाले. तीनशेवीस पेसो घेतले आणि काय आलं? फोनवर फोटो! पांढऱ्या कपड्यांतली सगळी पोरं कच्च्या लिंबासारखी हिरवी. मी म्हटलं, "निगेटिव्ह?" तर म्हणते, "ती टाकून देतात तिकडे. कशाला हवीत?" टाकून देतात! बाई, केळ्याची सालं टाकतात, निगेटिव्ह टाकत नाहीत.

मग प्रोग्रेसो गाठलं. बंदरावरचा तो म्हातारा फोटोग्राफर आता काळे चष्मे आणि फोनची कव्हरं विकतो. माझं आडनाव ऐकून डोळे बारीक करून म्हणाला, "पेच? म्हणजे त्या गास्पारची बहीण ना तुम्ही? नवरीचे फोटो जाळले तो?" अजून हे ऐकावं लागतं मला. तुझ्यामुळे.

एवढी धावपळ कशासाठी, ते सांगते. जानेवारीत माझ्या नेयदीच्या मुलीचं, सुएमीचं, हेत्समेक झालं. तुला बोलावलं नाही, मान्य. तीन महिने आडवी आडवी झोपवलेली पोर पहिल्यांदा कडेवर घ्यायची, तिला टेबलाभोवती नऊ फेरे घालायचे आणि टेबलावरची एकेक वस्तू तिच्या मुठीत द्यायची. आयुष्यात एकदाच होतं हे. आईच्या मामाने पादरीनो, म्हणजे धर्मपिता, व्हायचं असतं. तुझ्या जागी आम्ही सुताराला उभं केलं. मी टेबलावर वही, कात्री, उकडलेलं अंडं, भोपळ्याच्या बिया आणि पापांचा जुना कॅमेरा ठेवला होता. सुएमीने कॅमेऱ्याचा पट्टाच धरला! सोडेना. सगळं दोन रोलांत आहे. रोल माझे खास आहेत, कुठून आणले ते विचारू नकोस.

फोनवर एकही फोटो नाही. दारातच मी परात ठेवली होती आणि प्रत्येकाला फोन तिच्यात ठेवायला लावला, वर फडकं झाकलं. फोटोग्राफरच्या घरातलं कार्य आहे हे! सुएमीचा बाप विल्बेर्थ तिकडे सान फ्रान्सिस्कोत एका हॉटेलात भांडी घासतो, त्याने पोरीला अजून हातात घेतलेलं नाही. तो रोज विचारतो, नेयदी रोज माझ्याकडे बघते. आणि रोल माझ्या फ्रिजमध्ये आहेत.

एल्सी

मोतूल, २१ मार्च

गास्पार,

तू उत्तर पाठवलं नाहीस, ते बरंच केलंस.

माणूस सापडलं. बाई आहे. लिझबेथ चुक, मेरिदात एका शाळेत रसायनशास्त्र शिकवते. शनिवारी परसात, कपडे धुवायच्या दगडी बातेयापाशी, लोकांचे रोल धुते. लाकडी चमचा, थर्मामीटर, एक लिटर रसायन आणि स्टूलावर घड्याळ. मशीन नाही, थंड हवा नाही. एका रोलचे नव्वद पेसो! निगेटिव्ह चार चार फ्रेमचे तुकडे करून, पारदर्शक कागदात घालून देते. तिने धुतलेले फोटो मी भिंगाखाली पाहिले. आंबा आंब्यासारखा, माणसाची कातडी माणसाच्या कातडीसारखी. मला तिथेच रडू यायचं बाकी होतं.

"एप्रिलमध्ये रसायन तापवावंसुद्धा लागत नाही, दोन्या एल्सी," ती म्हणाली. "अडतीस अंश हवं, ते आमच्या नळालाच येतं."

आवडली मला. पण चौकस फार. मी एक रोल पुढे केला. दोन्ही एकदम कोण देतं? त्यावर आपल्या दुकानाच्या रिवाजाप्रमाणे पांढरी पट्टी गुंडाळलेली आणि पट्टीवर नाव: सुएमी, हेत्समेक. ती पट्टीच्या टोकाला नख लावायला लागली.

"काय करतेस?"

"आतलं लेबल बघते. कुठली फिल्म आहे ते कळायला हवं ना."

मी तिच्या हातावर चापटी मारली. खरंच मारली. "पोरी, रोल धुऊन होईपर्यंत पट्टीला हात लावायचा नाही. नाव हरवलं की रोल हरवला. माझ्या बापाने चाळीस वर्षं दुकान असं चालवलं."

"सिनेमाचा तर नाही ना हा? हल्ली खूप जण ते स्वस्तात भरून विकतात."

"मी या धंद्यात आले तेव्हा तू जन्मलीही नव्हतीस. रोल म्हणजे रोल."

हसली, खांदे उडवले आणि तिने तो रांगेत पहिला ठेवला. त्या शनिवारी अकरा जणांचे रोल होते. मला म्हणाली, "तुमचा सगळ्यात आधी, ताज्या रसायनात." असा मान, बघ. परक्या बाईकडून.

पापा गेल्यावर या धंद्याची कदर असलेलं कुणी उरलंच नाही, असं मला वाटायला लागलं होतं. पुढच्या रविवारी फोटो मिळतील. विल्बेर्थला पाठवायला नेयदीने पाकीट आणून ठेवलं आहे.

एल्सी

मोतूल, २ एप्रिल

गास्पार,

सगळे एका माळेचे मणी. सगळे!

मी मेरिदाला गेले तर लिझबेथ बाईंनी दार अर्धंच उघडलं. डोळे सुजलेले. म्हणे, रसायन काळं पडलं. म्हणे, डांबरासारखा चिखल झाला, माझा रोल खराब झाला आणि बंद डब्यात ते दिसलं नाही म्हणून त्याच लिटरमध्ये नंतर धुतलेले दहाही रोल. कुणाच्या आजीची नव्वदी, कुणाचं साखरपुड्याचं जेवण, सगळ्यांवर काळे ठिपके. आणि हे सगळं ती मला सांगत होती, मला, जणू मीच तिच्या परसात जाऊन काजळी ओतली! "तुमचा रोल सिनेमाचा होता, दोन्या. त्याच्या पाठीला काजळीचा थर असतो. तो आधी सोड्याच्या पाण्यात वेगळा काढावा लागतो. मी विचारलं होतं तुम्हाला."

मी काय ऐकून घेणार होते? म्हटलं, स्वतःच्या हाताला वळण नाही आणि दोष गिऱ्हाइकाला देतेस? शाळेत पोरांना असंच शिकवतेस का? सगळी गल्ली दारात आली. पलीकडच्या घरातली बाई हातात कणकेचा गोळा घेऊन ऐकत उभी होती. लिझबेथने मला धुतलेली फिल्म दिली आणि दार लावून घेतलं. फिल्मवर सुएमीचे डोळे दिसतात, बाकी सगळीकडे माश्या बसल्यासारखे ठिपके.

नेयदीने ती फिल्म उजेडात धरली. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "आई, परातीत एकवीस फोन होते. एकवीस." आणि पोरीला घेऊन सासरी गेली. पाच दिवस झाले, फोन उचलत नाही.

ही माणसं अशीच. तूही असाच. त्याच नवरीचे, हेनीच्या लग्नाचे रोल तू असेच काळे केलेस ना? मशीनपाशी पिऊन झोपलास, उष्णता वाढली, सगळं जळलं; असंच तू स्वतः म्हणालास. तेव्हा माझेही दोन रोल होते त्यात. तुझ्या कर्तबगारीचा पुरावा म्हणून मी ते काळ्या ठिपक्यांचे तुकडे आजवर कपाटात ठेवले आहेत. चार वर्षं कुणी तुझं नाव काढलं की मी तेच पाकीट दाखवते. मक्याच्या तोर्तियांच्या रांगेत मी सगळ्यांसमोर तुला दारुडा म्हटलं, आणि तू तोंडातून चकार शब्द काढला नाहीस, कारण तुझ्याकडे बोलायला काही नव्हतंच.

आता एक रोल उरला आहे. तो मी कुणालाही देणार नाही. फ्रिजमध्ये माझ्याबरोबर म्हातारा होऊ दे.

एल्सी

मोतूल, ९ एप्रिल

रसेलने तुझी चिठ्ठी आणून दिली. चार वर्षांनंतर हे एवढं?

"ताई, उरलेल्या रोलवरची पट्टी काढ आणि वाच."

हुकूम सोडतोस? मला? पापांच्या पट्टीला हात लावायला सांगतोस? मी चिठ्ठी चुरगाळून केरात टाकली. मग बाहेर काढली. मग म्हटलं, काढूनच बघते, म्हणजे त्याच्या तोंडावर फेकता येईल.

(दुपारी)

काढली.

चष्मा लावला. पट्टीखाली डब्यावर कुणीतरी निळ्या शाईने बारीक अक्षरात लिहिलं आहे: "सिनेमाची. वेगळी धुवा."

गास्पार, हे रोल कुठून आले ते मी कुणाला सांगितलं नव्हतं. आता सांगते. आसिएंदावर, त्या जुन्या मळ्याच्या वाड्यावर, सिनेमावाले आले होते ना, त्यातल्या एका माणसाने निघताना उरलेली फिल्म छोट्या डब्यांत भरून विकली. वीस रोल, पाण्याच्या भावात. मी बिस्किटांच्या डब्यात घालून फ्रिजमध्ये लपवले, कारण स्वस्त माल घेतला म्हणून पापा रागावले असते. सिनेमाची फिल्म, म्हणजे जास्त चांगली असणार, असं मला वाटलं. डबे घरी आणले त्याच दिवशी एकेकावर पट्टी गुंडाळून ठेवली. हाताला सवय. खाली काय लिहिलंय ते मी वाचलंच नाही.

त्यातले पहिले दोन रोल मी तुझ्या मशीनला दिले. हेनीच्या लग्नाच्या आठवड्यात.

कपाटातलं पाकीट काढलं. चार वर्षं मी ते लोकांना दाखवत होते, आत कधी नीट बघितलं नव्हतं. तुकड्यांच्या मागे, तळाशी दुमडलेली, पांढरी पट्टी आहे. माझ्याच अक्षरात "एल्सी, पालखी". तू ती सोलून काढली होतीस. म्हणजे तू वाचलं होतंस. त्याच आठवड्यात तुला कळलं होतं.

आणि तू सांगितलंस, पिऊन झोपलो. अरे, तू सणालासुद्धा अर्धा ग्लास बिअर टाकून देतोस! हे मला तेव्हा का आठवलं नाही?

मला फार राग आला आहे. कुणाचा ते अजून ठरवता येत नाही.

मोतूल, १३ एप्रिल

गास्पार,

ठरलं. आधी माझा राग, मग तुझा. दोन्ही सांगते.

काल सकाळी तोर्तियाच्या दुकानात गेले. भर गर्दीची वेळ. हेनीची आईही रांगेत होती, मुद्दाम तीच वेळ निवडली होती. मी मोठ्याने म्हटलं, "चार वर्षांपूर्वी इथेच मी माझ्या भावाला दारुडा म्हटलं. ते खोटं होतं. हेनीच्या लग्नाचे रोल माझ्या रोलमुळे गेले. स्वस्तातला माल मी घेतला, नाव लावताना वाचलं नाही. मशीनही माझ्यामुळेच गेलं."

 पीठ मळायचं यंत्र तेवढं खडखडत होतं. मग दुकानदार म्हणाला, "एल्सी, एक किलो की दोन?" मागून कुणीतरी ओरडलं, "कबुली चर्चमध्ये दे ना बाई, इथे तोर्तिया गार होतायत." मी दोन किलो घेतले. हेनीची आई बाहेर माझ्याबरोबर चालत आली. अर्ध्या रस्त्यात थांबली. मग म्हणाली, "मी तुझ्या भावाकडे लग्नाच्या फोटोंचे पैसे मागायला गेले होते. त्याने मशीन विकून दिले मला." एवढं बोलून ती वळली.

म्हणजे ते पैसे तिकडे गेले. आणि मी म्हणत होते, विकून पळाला.

दुपारी लिझबेथकडे गेले. बरोबर डुकराच्या मांसाची कोचिनिता नेली, केळीच्या पानात, आंबट संत्र्याच्या रसात भिजवून. दार उघडलं तसं मी म्हटलं, "मी तुझ्या हातावर चापटी मारली. आता तू मार." तिने मारली नाही. म्हणाली, "त्या दहा लोकांना तुम्ही स्वतः भेटा." भेटते आहे. सहा झाले, चार राहिले. एका म्हातारीने मला दारातूनच हाकललं आणि ते तिने बरोबर केलं.

आता तुझा राग.

तुला कुणी सांगितलं होतं माझा गुन्हा पाठीवर घ्यायला? कारण मला कळलंय. पापा जिवंत होते, पट्टीचा रिवाज त्यांचा होता. त्यांच्या पट्टीने त्यांचंच मशीन गेलं, हे त्यांना कळू द्यायचं नव्हतं तुला. आणि मला या गावात पुन्हा कुणी कम्युनियनचे फोटो काढायला बोलावलं नसतं, तेही खरं. पण गास्पार, पापा सहा महिन्यांत गेले! त्यानंतर साडेतीन वर्षं होती तुझ्याकडे. साडेतीन वर्षं तू मला तुझ्यावर ओरडू दिलंस. मी खोटी ठरत होते आणि मला माहीतही नव्हतं. हा कसला चांगुलपणा? एकदा तरी माझ्या दाराशी येऊन भांडायचं होतंस. मी दार उघडलं नसतं, ते वेगळं.

रसेलबरोबर रोल पाठवते आहे. लिझबेथने सोडा आणि रसायनाची ताजी पूड दिली आहे. ती म्हणते, काजळी मऊ फडक्याने पाण्याखाली हळूहळू पुसायची, घाई केली तर ओरखडा उठतो. तुझ्या धुलाईखान्यात अडतीस अंशांचं पाणी तर असेलच. तू धुवावास, असं मला वाटतं. लिझबेथ धुवायला तयार होती. मीच नको म्हटलं.

पट्टी काढली आहे. निळी अक्षरं दिसतील.

एल्सी

मोतूल, ६ मे

गास्पार,

रसेलने बसच्या दारातूनच हाक मारली. पाकीट मी त्याच्यापुढेच धरलं, त्यानेच फाडलं आणि प्रवासी पाच मिनिटं खोळंबले.

चौतीस फ्रेम, निगेटिव्ह आणि छापील फोटो दोन्ही. दोन ओरखडे, एक डाग. बाकी सगळं! नेयदीचा भरतकामाचा हिरवा झगा, इपील, हिरवा आहे. अंड्याचा बलक पिवळा आहे. नववा फेरा आहे. आणि ती कॅमेऱ्याचा पट्टा ओढते आहे, ओठ मुडपून, अगदी पापा मशीन अडलं की मुडपायचे तसे.

नेयदी परवा घरी आली. तिने फोटो दिव्याखाली मांडले, मग माझा हात धरला. विल्बेर्थला छापील फोटो टपालाने गेले आणि फोनवरही गेले. त्याने फोनवर आलेला तो पट्ट्याचा फोटो तिथेच छापून हॉटेलात भांड्यांच्या कपाटावर चिकटवला आहे. मालक काढायला लागला तर तिथल्या सगळ्या युकातेकोंनी, आपल्याकडच्या पोरांनी, मिळून दम दिला म्हणे.

सुताराला मी सांगून टाकलंय की त्याचं पादरीनोपण उसनं होतं. तो म्हणाला, त्याला पहिल्या दिवसापासून माहीत होतं, त्याने तुझ्या नावानेच फेरे घातले. हेत्समेक पुन्हा करता येत नाही, मला माहीत आहे. पण मामाने भाचीच्या लेकीला कडेवर घ्यायला कुणाची मनाई नाही. लवकर ये, सात किलोच्या वर गेली आहे, तुझी कंबर आता पूर्वीची नसणार.

रविवारी ये. बिस्किटांच्या डब्यात अजून रोल आहेत, सगळ्यांच्या पट्ट्या मी काढून टाकल्या. एक कॅमेऱ्यात भरून ठेवला आहे. लिझबेथ येते आहे, बातेया आपल्याकडेही आहे, कसं पुसायचं ते तू तिला दाखव.

भांडण अजून संपलेलं नाही. ते जेवण झाल्यावर. तोंडावर बोलेन, शपथ गेली खड्ड्यात.

आणि फोन परातीत ठेवायला लावणार नाही. तुझ्या कडेवर ती असेल तेव्हा ज्याला काढायचे त्याने फोटो काढावेत. सगळ्यांनी काढावेत.

तुझी,
एल्सी